दोर धरणारी माणसं

बी.ए.ला असताना मराठी वाङ्मयाच्या इतिहासात विल्यम कॅरीचं नाव एका ओळीत येऊन जायचं. बंगालमधल्या श्रीरामपूरला मिशनऱ्यांचा छापखाना होता, तिथून १८०५ साली कॅरीचं मराठी व्याकरण निघालं आणि १८१० साली मराठी-इंग्रजी कोश, तोही मोडी टाइपात. एवढं झालं की सर लगेच बाळशास्त्री जांभेकर आणि दादोबा पांडुरंगांकडे वळायचे. हे श्रीरामपूर म्हणजे नगर जिल्ह्यातलं, उसाचं श्रीरामपूर, अशी वर्गातल्या निम्म्या मुलामुलींची समजूत होती आणि ती दूर करायच्या भानगडीत कुणी पडत नसे. पुढे बत्तीस वर्षं मी शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला, पण अभ्यासक्रमाच्या घाईत ती ओळ तशीच राहिली. निवृत्तीनंतर मात्र एकेका ओळीमागे काय आहे ते बघायचा नाद लागला. आजचा लेख त्या नादातला.

मला पडलेला प्रश्न साधा होता. नॉर्दम्प्टनशर या इंग्लंडमधल्या परगण्यात जोडे शिवणारा माणूस कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात साहेबांना मराठी शिकवायला कसा पोचला? त्याला तिथवर पोचवलं कुणी, आणि पैसे कुणाचे? उत्तर शोधताना कॅरीपेक्षा मला त्याच्या मागे उभ्या असलेल्या माणसांचीच गोष्ट जास्त मोठी वाटली.

आधी एक खुलासा. धर्मांतराबद्दल वाचकांपैकी अनेकांची मतं ठाम आहेत, माझीही आहेत, पण हा लेख त्या वादाचा नाही. लांबच्या एका कामासाठी गावोगावच्या लहान माणसांनी एकत्र कसं यायचं, आणि एकत्र आल्यावर ठरवायचं कुणी, याचा हा लेख आहे.

बाप्टिस्ट हा प्रोटेस्टंटांमधला एक पंथ. माणसाने बाप्तिस्मा घ्यायचा तो जाणत्या वयात, स्वतः ठरवून, तान्ह्या बाळाला देऊन उपयोग नाही, असं ते मानतात. दुसरी गोष्ट आपल्या विषयाला जास्त महत्त्वाची. त्यांच्यात बिशप नाही, वरून हुकूम सोडणारं कुणी नाही. मराठी ख्रिस्ती लोक चर्चमधल्या समुदायाला 'मंडळी' म्हणतात. (आपण ब्लॉगवाले एकमेकांना मंडळी म्हणतो ते वेगळं!) तर बाप्टिस्टांची प्रत्येक मंडळी स्वतःपुरती स्वतंत्र. पाळक कोण, पैसा कुठे खर्चायचा, हे त्या त्या गावची मंडळी ठरवणार. आता अशा पन्नास स्वतंत्र मंडळ्यांकडून एखादं मोठं काम करून घ्यायचं म्हटलं तर हुकूम चालत नाही. मन वळवावं लागतं, वर्गणी मागावी लागते, हिशेब द्यावा लागतो. थोडक्यात, भागीदारी करावी लागते.

त्याची सुरुवात पैशाने झाली नाही. १७८४ साली नॉर्दम्प्टनशर भागातल्या बाप्टिस्ट मंडळ्यांच्या संघाने ठरवलं की दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी संध्याकाळी आपापल्या गावी जमून प्रार्थना करायची, आणि ती फक्त आपल्या मंडळीसाठी न करता सगळ्या जगासाठी करायची. गावं वेगवेगळी, वेळ एकच. आमच्याकडे एकादशीला गावोगाव भजनाला बसतात, तसंच म्हणा ना. आठ वर्षं हे चाललं. आपण एकत्र काही करू शकतो ही सवय त्या आठ वर्षांत लागली असावी, असं मला वाटतं.

कॅरी त्या भागातलाच. जन्म १७६१ चा. जोडे शिवायचा, मोल्टन गावात शाळा चालवायचा, त्याच गावी मंडळीचा पाळकही होता, आणि या तिन्हीतून मिळून घर जेमतेम चालायचं. १७९२ साली त्याने एक पुस्तिका लिहिली. तिच्यात जगातल्या देशांचे तक्ते आहेत, लोकसंख्या, धर्म, सगळं आकड्यांत. आणि शेवटी व्यवहाराचं कलम आहे : प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी बाजूला काढावी. श्रीमंत देणगीदार शोधायच्या आधी त्याने गरिबाचा आकडा काढला. शाळामास्तर शेवटी!

२ ऑक्टोबर १७९२ रोजी केटरिंग गावात एका विधवाबाईच्या घरातल्या मागच्या खोलीत चौदा जण जमले. बहुतेक सगळे लहान गावांचे पाळक. तिथे त्यांनी संस्था काढली, पुढे ती बाप्टिस्ट मिशनरी सोसायटी म्हणून ओळखली गेली. कुणी किती द्यायचे ते चिठ्ठ्यांवर लिहून चिठ्ठ्या तपकिरीच्या डबीत टाकल्या. बेरीज झाली तेरा पौंड, दोन शिलिंग, सहा पेन्स. रोख नव्हे हं, नुसती आश्वासनं. केटरिंगचे पाळक अँड्र्यू फुलर चिटणीस झाले. बर्मिंगहॅमचे तरुण पाळक सॅम्युअल पिअर्स घरी गेले आणि थोड्याच दिवसांत एकट्या आपल्या मंडळीकडून सत्तर पौंड जमवून पाठवते झाले. लंडनमधली काही वजनदार मंडळी मात्र सुरुवातीला हात आखडून होती. खेड्यातल्या लोकांनी काढलेल्या संस्थेत शहरातल्यांनी लगेच कशाला जावं! हे सगळीकडे सारखंच.

फुलरनी पुढे या आरंभाची आठवण सांगताना एक दृष्टांत दिला आहे. कुणीही न पाहिलेल्या खोल खाणीत उतरायचं की नाही याचा विचार करत काही माणसं काठावर बसावीत, तसे आम्ही बसलो होतो. त्यातून कॅरी उतरायला तयार झाला, पण त्याने एक वचन घेतलं की वरच्यांनी दोर सोडायचा नाही. ज्यांच्या गावी विहिरी आहेत त्यांना हे वेगळं समजवायला नको. वैशाखात गाळ काढायला माणूस विहिरीत उतरतो तेव्हा काठावर दोर धरणारे किती शहाणे आहेत, यावर त्याचा जीव असतो. उतरणाऱ्याचं नाव होतं. दोर धरणाऱ्यांच्या हाताला घट्टे पडतात ते कुणी बघत नाही.

फुलरनी तो दोर मरेपर्यंत, म्हणजे तेवीस वर्षं धरला. स्वतःची मंडळी सांभाळून ते पैसे मागत हिंडले. एकट्या स्कॉटलंडच्या पाच फेऱ्या केल्या. तिथे देणाऱ्यांत बाप्टिस्ट नसलेलेही पुष्कळ होते. आणि नुसते पैसे मागितले नाहीत. भारतातून आलेली पत्रं छापून मंडळ्यांमध्ये वाटायची पद्धत संस्थेने पहिल्यापासून ठेवली. पेनी देणाऱ्या विणकराच्या हातात पाच-सहा महिन्यांनी का होईना, बंगालमधला मजकूर पडायचा. ईस्ट इंडिया कंपनीला तिच्या मुलखात मिशनरी नको होते. १८१३ साली कंपनीच्या सनदेचं नूतनीकरण पार्लमेंटपुढे आलं तेव्हा गावोगावच्या मंडळ्यांनी, बाप्टिस्ट आणि इतरांनीही, शेकडो अर्ज पाठवले आणि सनदेत बदल करून घेतला. ज्याला मताचा अधिकारही नव्हता असा माणूस त्या अर्जावर सही करत होता.

दोराच्या दुसऱ्या टोकाला काय चाललं होतं? कॅरी १७९३ च्या नोव्हेंबरात कलकत्त्याला पोचला तो बायकोमुलांसह. त्याची बायको डोरोथी. तिला लिहितावाचता येत नव्हतं, लग्नाच्या नोंदीवर सहीऐवजी तिची खूण आहे. ती आधी यायलाच तयार नव्हती, शेवटच्या क्षणी तयार झाली. पुढच्याच वर्षी तिचा पाच वर्षांचा मुलगा तापाने गेला आणि तिचं मन कायमचं बिघडलं. १८०७ साली ती गेली. दोर कितीही घट्ट धरला तरी विहिरीत कुणाकुणाला उतरवलं जातंय आणि त्यांना विचारलंय का, हा प्रश्न त्या मागच्या खोलीतल्या चौदा जणांना पडला नव्हता. मला मात्र वाचताना सारखा पडत होता.

जवळचे पैसे लवकरच संपले. कॅरीने निळीच्या कारखान्यात व्यवस्थापकाची नोकरी धरली आणि संस्थेला कळवलं की आता मला तुमच्या पैशांची गरज नाही, ते दुसऱ्या कुणाला पाठवा. यावर समितीकडून शाबासकीऐवजी ताकीद आली, की धंद्यात फार गुंतू नका! पुढच्या भांडणाचं बी इथेच आहे. वर्गणी देणाऱ्याला वाटतं की आपल्या पैशावर चालणारा माणूस आपल्या धाकात राहील. तो स्वतःच्या पायावर उभा राहिला की आनंद होतो, पण मनात कुठेतरी खटकतंही.

१८०० च्या जानेवारीत कॅरी श्रीरामपूरला आला. तिथे डेन्मार्कच्या राजाची सत्ता होती, त्यामुळे कंपनीचा हात पोचत नव्हता. जोशुआ मार्शमन हा शिक्षक आणि विल्यम वॉर्ड हा छापखान्यातला जाणकार, दोघे इंग्लंडहून नुकतेच येऊन पोचले होते. तिघांनी एकत्र कुटुंब केलं. एक चूल, एक तिजोरी. मार्शमन आणि त्यांची पत्नी हॅना यांच्या शाळांची फी, वॉर्डच्या छापखान्याचं उत्पन्न आणि कॅरीचा फोर्ट विल्यम कॉलेजातला पगार (आधी महिना पाचशे रुपये, पुढे हजार) सगळं त्या तिजोरीत. घरखर्चापुरतं काढून बाकीचं कामाला. इंग्लंडहून येणाऱ्या पैशाच्या कितीतरी पट पैसा ते स्वतःच मिळवू लागले.

आपली मराठी इथे येते. कॅरी कॉलेजात बंगाली, संस्कृत आणि मराठी शिकवायचा. मराठीसाठी त्याच्या हाताशी वैजनाथ पंडित होते. व्याकरण असो, कोश असो, १८११ सालचा मराठी नवा करार असो, वैजनाथांसारख्या पंडितांवाचून यातलं काही होणं शक्य नव्हतं. श्रीरामपूरच्या छापखान्यातून १८१४ साली मराठी 'सिंहासनबत्तिशी' निघाली ती वैजनाथांनीच केलेली. आता बघा, केटरिंगच्या डबीत पेनी टाकणाऱ्याला वैजनाथ ठाऊक असण्याचं कारण नव्हतं, आणि वैजनाथांना केटरिंगशी काही देणंघेणं नव्हतं. आमच्या पाठ्यपुस्तकातल्या त्या ओळीत तर दोघांनाही जागा मिळाली नाही. भागीदारीत काही भागीदारांची नावं वहीत चढतच नाहीत.

११ मार्च १८१२ च्या संध्याकाळी श्रीरामपूरच्या छापखान्याला आग लागली. कागदाचा मोठा साठा, कित्येक भाषांचे टाइप, अनेक वर्षांची हस्तलिखितं, सगळं गेलं. नुकसान सुमारे दहा हजार पौंडांचं. बातमी इंग्लंडला पोचायला पाच-सहा महिने लागले, पण पोचल्यावर मंडळ्यांनी साधारण दोन महिन्यांच्या आत तेवढी रक्कम उभी केली. बाप्टिस्टांनी दिली, इतरांनीही दिली. शेवटी फुलरना सांगावं लागलं की आता पुरे. वीस वर्षांपूर्वी तेरा पौंडांची आश्वासनं गोळा करणारी हीच संस्था!

त्याच वर्षी आणखी एक विलक्षण गोष्ट घडली. फेब्रुवारी १८१२ मध्ये अमेरिकेतल्या सेलम गावी पाच तरुणांना भारतात पाठवण्यासाठी दीक्षा दिली गेली. ते काँग्रिगेशनल पंथाचे, म्हणजे तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देणारे. त्यांतल्या अ‍ॅडोनिराम जडसनच्या मनात आलं की श्रीरामपूरच्या बाप्टिस्टांशी बाप्तिस्म्यावरून वाद होणार, म्हणून जहाजावर तो वादाची तयारी करत बसला. तयारी करता करता त्यालाच बाप्टिस्टांचं पटलं! कलकत्त्याला पोचल्यावर वॉर्डकडून त्याने बाप्तिस्मा घेतला. मागाहून आलेला ल्यूथर राइसही त्याच वाटेने गेला. आता ज्यांनी पाठवलं त्यांचा पैसा घ्यायचा कसा? राइस अमेरिकेला परतला आणि गावोगाव फिरून तिथल्या बाप्टिस्ट मंडळ्यांना त्याने सांगितलं की तुमची माणसं तिकडे आधीच जाऊन पोचली आहेत, आता तुम्ही एकत्र या. मे १८१४ मध्ये फिलाडेल्फियाला तेहतीस प्रतिनिधी जमले आणि अमेरिकन बाप्टिस्टांची पहिली देशव्यापी संस्था जन्मली. जडसन ब्रह्मदेशात गेला. त्या पाचांतले गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट मात्र बाप्टिस्ट झाले नाहीत. ते १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईला आले आणि अमेरिकन मराठी मिशन सुरू झालं. तेच पुढे नगरला (आताच्या अहिल्यानगरला) गेलं, ज्याच्या सावलीत ना. वा. टिळक आणि लक्ष्मीबाईंचा संसार झाला. 'स्मृतिचित्रे' वाचताना या धाग्याचं दुसरं टोक सेलमला आहे हे आपल्या लक्षातही येत नाही.

आता भांडणाकडे येते, कारण तेच खरं शिकवणारं आहे.

फुलर ७ मे १८१५ ला वारले. पिअर्स आधीच गेले होते, तिसरे जुने सोबती सट्क्लिफही गेले होते. समितीत नवी माणसं आली. त्यांनी कॅरीला कधी पाहिलेलं नव्हतं. कॅरी त्यांच्यासाठी अहवालातलं एक नाव होता. त्यांनी रीतसर प्रश्न विचारला : श्रीरामपूरच्या इमारती कुणाच्या? त्या संस्थेच्या विश्वस्तांच्या नावे करा आणि हिशेब द्या. श्रीरामपूरकरांचं म्हणणं असं की या इमारती आम्ही आमच्या कमाईतून उभ्या केल्या. कामाला त्या कायमच्या दिल्या आहेत, आमच्या मुलांना त्यातलं काही नको, पण सहा महिन्यांच्या अंतरावर बसून आमचा कारभार तुम्ही करू नका. तोवर नव्याने आलेले तरुण मिशनरी वेगळे होऊन कलकत्त्यात राहायला गेले होते. त्यांत कॅरीचा पुतण्या होता आणि पिअर्सचा मुलगाही होता. घर फुटलं म्हणतात ते हेच.

देणाऱ्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं होतं असं मला म्हणवत नाही. विधवेची पेनी आहे, हिशेब मागणारच. पण हिशेब मागणं आणि लगाम हातात घेणं यांत फरक आहे. तो फरक कधी पुसला जातो ते मागणाऱ्यालाही कळत नाही. श्रीरामपूरच्या तिघांनी १८१८ साली तिथे कॉलेज काढलं. वॉर्डने अमेरिकेत त्यासाठी पैसे जमवले, तेव्हा तिथल्या काही देणगीदारांनी अट घातली की यातला पैसा विज्ञान शिकवण्यावर खर्च करायचा नाही, फक्त धर्मशिक्षणावर करायचा. कॅरी मवाळ माणूस, पण हे ऐकून चिडला. विज्ञानाशिवाय धर्मोपदेशक तरी कसा घडवायचा, तुम्ही तुमच्याकडे असं करता का, अशा अर्थाचं खरमरीत उत्तर त्याने लिहिलं. मला तो त्या पत्रात सगळ्यात जास्त आवडला.

१८२७ साली संस्था आणि श्रीरामपूर रीतसर वेगळे झाले. वॉर्ड तोवर वारला होता. थोड्याच वर्षांत कलकत्त्यातल्या मोठमोठ्या पेढ्या बुडाल्या, त्यांत श्रीरामपूरचा पैसा गेला आणि कॅरीचा कॉलेजातला पूर्ण पगारही थांबला. ९ जून १८३४ ला कॅरी गेला. १८३७ च्या डिसेंबरात मार्शमनही गेले. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये दोन्ही बाजूंचा समेट झाला, पण ती बातमी ऐकायला तिघांपैकी कुणीच उरलं नव्हतं. दोर कुणी कापला नाही. दोन्हीकडून ताणून ताणून तो तुटला.

एवढंच असतं तर हा लेख रडका झाला असता. पण त्याच संस्थेची एक दुसरी गोष्ट आहे, जमैका बेटातली. तिथे बाप्टिस्टांचं काम इंग्लंडने सुरू केलंच नव्हतं. जॉर्ज लाइल हा अमेरिकेत गुलामीत जन्मलेला, पुढे मुक्त झालेला काळा माणूस. १७८३ च्या सुमारास, म्हणजे कॅरी भारतात यायच्या दहा वर्षं आधी, त्याने किंग्स्टनला मंडळी जमवली. पोटासाठी तो स्वतः कष्ट करायचा. तिथल्या मंडळ्यांनी इंग्लंडला पत्रं लिहून मदत मागितली, तेव्हा १८१४ साली संस्थेने पहिला मिशनरी पाठवला. संस्थेची ताकीद अशी की गुलामगिरीच्या राजकारणात पडू नका. पण मंडळीत बसणारे तर गुलामच होते! १८३१ च्या नाताळात मोठा उठाव झाला. त्याचा पुढारी सॅम शार्प हा बाप्टिस्ट मंडळीतला सेवक. २३ मे १८३२ ला त्याला फाशी दिलं. मळेवाल्यांनी चर्चच्या इमारती जाळल्या, पाडल्या. विल्यम निब हा मिशनरी इंग्लंडला धावला. संस्थेच्या धुरीणांना वाटत होतं की याने जपून बोलावं. त्याने सभेत उभं राहून सगळं सांगितलं, आणि मंडळ्या त्याच्या पाठीशी उभ्या राहिल्या. पुढच्या वर्षी पार्लमेंटने गुलामगिरी रद्द करणारा कायदा केला. त्याला कारणं अनेक, पण त्यांत या मंडळ्यांचा आवाजही होता.

पुढची गोष्ट मला फार मोलाची वाटते. १८४२ साली, संस्थेच्या पन्नाशीला, जमैकातल्या मंडळ्यांनी कळवलं की यापुढे आम्हाला तुमचे पैसे नकोत. कालपरवापर्यंत गुलाम असलेली ती माणसं! एवढ्यावर थांबले नाहीत. आपले पूर्वज जिथून धरून आणले त्या आफ्रिकेत काम करायला त्यांनी आपली माणसं पाठवली. १८४३ साली जमैकाचा जोसेफ मेरिक पश्चिम आफ्रिकेत गेला. त्याने तिथल्या एका भाषेची लिखापढी बसवली आणि छापखाना चालवला. कॅरीने श्रीरामपूरला केलं तेच त्याने तिथे केलं. ज्याला दोराने वर काढलं तो काठावर येऊन दोर धरायला उभा राहिला. भागीदारीची याहून चांगली परीक्षा मला तरी सुचत नाही.

आपल्याकडेही हा प्रश्न होताच. टिळकांनी १९१७ साली मिशनचा पगार सोडला आणि 'देवाचा दरबार' काढला, त्यामागे हीच घुसमट होती की आपलं काम आपण दुसऱ्याच्या पैशावर आणि दुसऱ्याच्या पद्धतीने किती दिवस करायचं. आणि एक योगायोग. २९ नोव्हेंबर १९७० रोजी आपल्या नागपुरात सहा चर्चसंस्था एकत्र येऊन उत्तर भारताचं चर्च स्थापन झालं. त्यात इंग्लिश बाप्टिस्टांच्या कामातून उभ्या राहिलेल्या मंडळ्या होत्या आणि अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेतल्याही होत्या. बाप्तिस्मा तान्हेपणी की जाणतेपणी, हा जडसनला जहाजावर पडलेला प्रश्न त्यांनी असा सोडवला की दोन्ही चालतील. एकशे अठ्ठावन्न वर्षं लागली, पण वाद न जिंकता मिटवता येतो हे दिसलं.

आता हे सगळं मी इथे का लिहिलं? आपल्या घरातल्या पुण्या-मुंबईच्या आणि अमेरिकेतल्या मुलांनी गावच्या वाचनालयासाठी दरवर्षी ठरावीक रक्कम काढायचं ठरवलं आहे. फार चांगलं आहे. माझ्या नोकरीच्या काळात एका शाळेत मी पाहिलं आहे : वर्गाचं छप्पर गळत होतं आणि देणगीदारांनी पैसे दिले ते प्रवेशद्वाराच्या कमानीला, कारण कमानीवर नाव दिसतं. पावसाळ्यात मुलं कमानीखाली जाऊन उभी राहायची, तेवढा उपयोग झाला म्हणायचा. तेव्हा मुलांनो, पैसे पाठवा, हिशेबही मागा, तो तुमचा हक्क आहे आणि गावातल्यांनी तो न मागता द्यायला हवा. पण कपाट कुठे ठेवायचं आणि पुस्तकं कुठली घ्यायची ते तिथे रोज कुलूप उघडणाऱ्या माणसाला विचारा. वर्षातून एकदा जाऊन त्याच्याजवळ बसा. फुलर होते तोवर पत्र कितीही महिन्यांनी पोचलं तरी चाललं, कारण लिहिणारे एकमेकांना ओळखत होते. ओळख संपली आणि नुसते ठराव उरले, तेव्हा सगळं बिघडलं.

आणि गावातल्यांनो, तुम्हीही दहा वर्षांनी पैसे घेणारेच राहू नका. शेजारच्या वाडीला वाचनालय नाही. तिथल्या पोरांसाठी एक पेटी पुस्तकं पाठवण्याइतकं आपलं वाचनालय मोठं झालं, तर आपली वर्गणी सत्कारणी लागली असं मी समजेन.

लेख लांबला. कुणाला कॅरीचं व्याकरण बघायचं असेल तर त्याच्या जुन्या प्रतींचं स्कॅन इंटरनेटवर सापडतं. नातवाकडून उघडून घ्या, मीही तसंच केलं. त्यातलं दोनशे वर्षांपूर्वीचं मराठी वाचताना मजा वाटते. वैजनाथ पंडितांचा आवाज त्या पानांमागून थोडासा ऐकू येतो.